लाल दिव्याची पोच

"इथं सही कर, म्हणजे मी सुटले," असं म्हणत प्रमिलानं कागद माझ्यापुढे सरकवला.

प्रमिला ओतारी आमच्या कारखान्याच्या ऑफिसात टायपिंग करायची. सकाळचे साडेदहा झाले होते. चौकशी समिती चार वाजता बसणार होती आणि तिच्यापुढे ठेवायच्या फायलीत एवढा एकच कागद जायचा राहिला होता. 'मिल क्रमांक दोन : घटनांची नोंद, दि. १९.' तळाशी माझं नाव टाइप केलेलं होतं. वृंदा आपटे, संगणक विभाग. त्या विभागात मी एकटीच होते.

"वाचतेस काय एवढं? तुझ्याच मशीनमधलं आहे. मी फक्त जरा नीटनेटकं केलं. इंग्रजीचं मराठी केलं, रकाने आखले."

शेवटची ओळ होती : १०:५२:०८, मिल सुरू. तिच्याखाली कोरा कागद.

अपघात अकरा चाळीसच्या सुमाराला झाला होता, चार दिवसांपूर्वी. मिल म्हणजे रबर मळायचं यंत्र. कमरेच्या उंचीवर दोन जाड लोखंडी रोल, एकमेकांकडे फिरणारे. त्यांच्यावरचा रबराचा पट्टा सारखा करताना इलाही मुजावर या कामगाराचा उजवा हात आत ओढला गेला. चार बोटं गेली. पॅनेलवर ऑपरेटर होते जालिंदर शेवाळे. यंत्र ताबडतोब बंद करायचं लाल बटण, ज्याला सगळे इमर्जन्सी म्हणत, शेवाळ्यांच्या हातापासून वीतभर अंतरावर होतं. आपण ते लगेच दाबलं, असं शेवाळे पहिल्या दिवशी म्हणाले होते. फोरमन काळभोरांनी सांगितलं होतं, की आपणच धावत जाऊन शेडचा मेन स्विच खाली ओढला. आणि माझ्या प्रोग्रॅमच्या नोंदीत लाल बटणाची ओळ नव्हती.

म्हणजे इलाही ओरडत असताना शेवाळे नुसते उभे होते, असं ठरत होतं.

मी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.

"प्रमिला, मिलवर एक बॅच किती वेळ चालते गं?"

"मला काय विचारतेस? मी रबराला हात तरी लावलाय का कधी?"

मला माहीत होतं. बारा मिनिटं, फार तर तेरा. प्रत्येक बॅचला मिल सुरू, मिल बंद. दहा बावन्न ते अकरा चाळीस ही अठ्ठेचाळीस मिनिटं होतात. तेवढ्यात तीन बॅच तरी निघून चौथी चालू असायला हवी. कागदावर एकही नव्हती. नोंदीत लाल बटण नाही, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. मिल सुरू करायचं हिरवंही नाही, हे कोणी पाहिलं नव्हतं. चार दिवसांत मीसुद्धा नाही.

"मूळ फाइल दाखव."

"आता?"

"आत्ता."

तिनं तोंड वाकडं करून फ्लॉपी घातली. तिनं लावलेली फाइल उघडली, मी ती बंद करायला लावली आणि मशीनवरून जशीच्या तशी उतरवलेली दुसरी उघडायला लावली. तिच्यात शेवटी आणखी एक ओळ होती. ओळ कसली, चारच चिन्हं. एक, शून्य, विसर्ग-टिंबं आणि पाच. मग काही नाही.

"ही कुठं गेली तुझ्या कागदात?"

"ती काढली मी. अर्धवट होती. साहेबांच्या पुढं असं तुटकं कसं ठेवायचं? मला वाटलं, लाईट गेली तेव्हाचा कचरा असेल."

मी फाइलची लांबी पाहिली. ४०९६०. हा आकडा मला पाठ होता. चार हजार शहाण्णवच्या बरोबर दहापट.

मी पाय आखडून घेतले, तेव्हा टेबलाखाली काहीतरी कोमट लागलं. यूपीएस होता. बॅटरीवर चालणारा, लाईट गेली तरी कॉम्प्युटर चालू ठेवणारा. महिन्याभरापूर्वी तो मिल दोनशेजारच्या कपाटात होता. लाईट गेली की प्रमिलाचे रिपोर्ट पुसले जातात म्हणून आमच्या व्यवस्थापकांनी, गुर्जर सरांनी, तो ऑफिसात आणवला. हलवण्याच्या चिठ्ठीवर सही माझी होती.

"अगं, सही?" प्रमिला म्हणाली.

मी तशीच उठले.

ऑफिसपासून शेडपर्यंत दोनशे दहा पावलं होती. त्या दिवशी मी ती तीनदा चालले आणि तिन्ही वेळा दारातून परत फिरले.

तो प्रोग्रॅम मी आठ महिन्यांपूर्वी लिहिला होता, सी भाषेत. पॅनेलवर काही घडलं की वेळेसकट एक ओळ, आणि ती ओळ लगेच डिस्कवर. कॉम्प्युटर पॅनेलशेजारी काचेचं दार असलेल्या कपाटात होता. ओळ लिहिली गेली की त्याच्यावरचा डिस्कचा लाल दिवा एकदा लुकलुकायचा. पण डिस्क हळू होती. प्रत्येक ओळीसाठी प्रोग्रॅम ताटकळायचा आणि तेवढ्यात रोलच्या तापमानाची मोजमापं निसटायची. मग मी बफर घातला. ओळी आधी मेमरीतल्या एका तुकड्यात साठत जायच्या आणि चार हजार शहाण्णव अक्षरं भरली की सगळ्या मिळून एकदम डिस्कवर. शंभरेक ओळींना मिळून एक फेरी. तुकडा भरतो तेव्हा तो ओळ पुरी झाली का हे बघत नाही. मधेच तोडतो. उरलेली ओळ पुढच्या फेरीला जाते.

तापमानं निसटायची थांबली. गुर्जर सरांनी चहाच्या वेळी सगळ्यांसमोर शाबासकी दिली. ती याच महिन्याची दोन तारीख होती.

तीन तारखेला शेवाळ्यांनी मला पॅनेलपाशी थांबवलं. पन्नाशीचा माणूस, शर्टाचं वरचं बटणही लावणारा.

"मॅडम, तुमच्या डब्याचा दिवा लागंना झालाय."

"बिघडलेला नाही तो. आता एकेक ओळ लिहीत नाही. साठवतो आणि मग एकदम लिहितो. हंडा भरला की उचलायचा, तसं."

"पर आधी बटण दाबलं की डोळा मिचकवायचा. पोच मिळायची."

"कसली पोच?"

"दाबलं म्हनून. ह्या आवाजात मोटार बंद झाली का न्हाई, कानाला कळत न्हाई. रोल बी जुनं, दमानं थांबत्यात. दिवा दिसला की जिवाला बरं वाटायचं."

मला हसू आलं. मी सव्वीस वर्षांची होते आणि आदल्याच दिवशी शाबासकी मिळाली होती.

"शेवाळे, मशीनला कळतंय ना? मग तुम्हाला कळायची गरज नाही."

"बरं," ते म्हणाले. "तुमी शिकल्यालं."

शेवटी मी शेडच्या दारातून ऑफिसात परतले, तेव्हा गुर्जर सर फोनवर होते. मी दारात उभी राहिले, आत गेले, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले.

"बस की. काय झालं?"

"सर, ती नोंद अपुरी आहे. शेवटचा भाग डिस्कपर्यंत पोचलाच नाही. मेमरीत होता. मेन ओढला तेव्हा गेला."

त्यांना समजायला वेळ लागला नाही. ते हुशार होते.

"म्हणजे त्या भागात लाल बटण होतं?"

"ते मला माहीत नाही."

"माहीत नाही." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "वृंदा, मुंबईहून वर्तक साहेब येतायत. संचालक. आणि शेवाळेनं काल लेखी दिलंय, बटण दाबलं गेलं नाही, चूक झाली. स्वतःच्या अक्षरात. आता तो म्हणतोय नाही दाबलं, आणि तू म्हणतेस माहीत नाही. कुणाचं धरायचं?"

"त्यांनी आपला कागद बघून लिहून दिलं असेल."

"असेल! बफर घाल म्हणून तुला कोणी सांगितलं? मी. यूपीएस कोणी हलवला? मी. सही कोणाची? तुझी. हे सगळं टेबलावर येणार. आणि मिळणार काय? तर, माहीत नाही." मग त्यांचा आवाज खाली आला. "तू काही खोटं लिहिलेलं नाहीस. सही करायची नसेल तर करू नकोस. मी करतो. समिती उठेपर्यंत लॅबमध्ये जाऊन बस."

"शेवाळ्यांचं काय होईल?"

"कामावरून जाईल. पोलिसात द्यायचं की नाही, ते वर्तक साहेब ठरवतील."

मी लॅबमध्ये गेले नाही. तिथे बसून राहणं मला जमलंच नसतं.

शेवाळे सायकल स्टँडच्या पत्र्याखाली बाकावर बसले होते. निलंबित माणसाला शेडमध्ये यायची परवानगी नव्हती. चारला बोलावलं होतं आणि ते एकपासून येऊन बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. डबा शेजारी होता, न उघडलेला.

"जेवला नाहीत?"

"जेवन जाईना, मॅडम."

मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले, परत उठले.

"तुम्ही असं का लिहून दिलंत?"

"साहेबांनी कागद दाखवला. सकाळी सात पाचला मी मिल चालू केली, ते त्यात हाय. नवाला च्याला बंद केली, ते हाय. सेकंदासकट. म्हंजे डबा खोटं बोलत न्हाई. मग खोटं कोन बोलतंय? मीच की."

"पण तुम्हाला काय आठवतं?"

त्यांनी उजवा तळवा मांडीवर उताणा ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिले.

"इलाही वरडला. माझा हात गेला, एवढं आठवतं. आधी वाटायचं, दाबलंच. कागद बघितल्यापास्नं हात मधीच थांबल्याला दिसतोय. डोळं मिटलं की तेच. मी नि इलाही बारा वर्सं एका सायकलवरनं येतोय कामाला. परवा दवाखान्यात गेलो तर त्यानं एवढंच इचारलं. 'जालिंदर, दाबलं व्हतंस ना?'"

"काय सांगितलंत?"

"काय सांगनार? गप बसलो. त्यानं तोंड फिरवलं."

फाटकातून एक टेम्पो आत आला.

"शेवाळे, दिव्याचं बोललात का तुम्ही जबानीत? मला येऊन सांगितलं होतंत, ते?"

"न्हाई."

"का?"

"तुमचं नाव आलं असतं उगाच. नि दिव्याचा काय संबंध? तुमीच म्हनला, मला कळायची गरज न्हाई."

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर बरं झालं असतं.

चारला मी बोलावलेलं नसताना मीटिंगच्या खोलीत गेले. वर्तक साहेब मध्यभागी, गुर्जर सर त्यांच्या उजवीकडे, भिंतीशी काळभोर आणि शेवाळे. प्रमिलाचा नीटनेटका कागद फायलीत सगळ्यांत वर होता. त्याच्याखाली सही झालेली होती, माझी नव्हे.

"साहेब, मला दहा मिनिटं द्या. इथे नाही, शेडमध्ये."

गुर्जर सर माझ्याकडे बघत नव्हते.

"आपण कोण?" वर्तकांनी विचारलं.

"ज्या प्रोग्रॅमचा तो कागद आहे, तो मी लिहिलाय."

ते जाड, दमेकरी गृहस्थ होते. फाइल गुर्जर सरांच्या हातात देऊन उठले.

मिल दोन बंद होती. रोल धुतलेले होते. मोटारीचे फ्यूज काढून ठेवलेले होते, म्हणजे बटणं दाबली तरी यंत्र हलणार नव्हतं, फक्त नोंद होणार होती. मी कपाटातला कॉम्प्युटर सुरू केला, प्रोग्रॅम चालवला. एकोणीस तारखेला होता तोच, एक अक्षरही न बदललेला.

"शेवाळे, पॅनेलवर या. इमर्जन्सी दाबा."

ते पुढे आले. हात पँटला पुसला. लाल बटणावर तळवा ठेवून दाबला आणि मान डावीकडे वळवली, कपाटाकडे.

दिवा लागला नाही.

त्यांनी परत दाबलं, परत बघितलं. मी एकदाच दाबायला सांगितलं होतं. त्यांनी तिसऱ्यांदा दाबलं. चौथ्यांदा मारल्यासारखं दाबलं. मग तळवा तिथेच ठेवून उभे राहिले.

"हेच," ते म्हणाले.

"काय?" वर्तक म्हणाले.

"साहेब, हेच झालं व्हतं. दाबलं नि दिव्याकडं बघितलं. दिवा न्हाई. म्हटलं, लागलं न्हाई बटण. परत दाबलं. दिवा न्हाई. इलाही वरडतोय नि मी दाबतोय नि दिव्याकडं बघतोय." त्यांनी तळवा बटणावरून उचलला. "म्हनून मला वाटाय लागलं की दाबलंच न्हाई. पोच न्हाई आली म्हनून."

मी वाकून कॉम्प्युटरची वायर प्लगमधून ओढली. पडदा काळा झाला.

"हा मेन गेला असं समजा," मी म्हणाले.

वायर परत लावली. कॉम्प्युटर सुरू व्हायला दोन मिनिटं लागायची. ती दोन मिनिटं मी अंगठ्याचं नख कुरतडत होते. मग फाइल उघडली. वर्तक साहेबांनी चष्मा वर सरकवून पडद्याजवळ तोंड नेलं.

"यात काहीच नाही."

"नाही."

"आम्ही सगळ्यांनी पाहिलं. चार वेळा दाबलं त्यानं."

"हो."

"म्हणजे त्या दिवशीही यानं दाबलं होतं."

"यावरून तसं म्हणता येत नाही, साहेब. दाबलं नव्हतं, असंही म्हणता येत नाही. त्या अठ्ठेचाळीस मिनिटांबद्दल आपल्या कागदाला काहीच माहीत नाही, एवढंच." गुर्जर सरांचे डोळे माझ्यावर होते. इथवरचं सोपं होतं, ते सगळं आकड्यांचं होतं. "आणखी एक आहे. दिवा लागत नाही, हे शेवाळ्यांनी मला तीन तारखेला सांगितलं होतं. आपण दाबलेलं लागलं की नाही ते कळत नाही, म्हणाले होते. मी त्यांना म्हटलं, तुम्हाला कळायची गरज नाही. हे कुठेही लिहिलेलं नाही. त्यांनी तुम्हाला सांगितलं नाही, म्हणून मी सांगते. यूपीएस इथून हलवायच्या चिठ्ठीवरही मी सही केली."

बोलून झाल्यावर मला माझाच श्वास ऐकू आला. बंद शेडमध्ये पाखरं फडफडावीत तसा.

भिंतीशी काळभोर खाकरले.

"साहेब, मी एक बोलू का?"

"बोला."

"मी पळत आलो तेव्हा हा बटण बडवत होता. आत्ता मारलं ना, तसंच. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. रोल फिरत होते, पण मंद पडले होते. मग मी मेन ओढला."

"हे तुम्ही जबानीत सांगितलं नाहीत?"

"सांगणार होतो. पण आधीच कानावर आलं, की नोंदीत बटण नाही. म्हटलं, गडबडीत मलाच भास झाला असेल."

"डोळ्यांनी बघितलेलं?"

काळभोर फरशीकडे बघत म्हणाले, "कागदावर नव्हतं, साहेब."

वर्तक साहेबांनी फाइल मागत गुर्जर सरांकडे हात केला. सरांनी फायलीतून शेवाळ्यांचा कबुलीचा कागद काढला आणि तो वर्तकांना न देता सरळ शेवाळ्यांपुढे धरला. शेवाळ्यांनी तो फाडला नाही. चार घड्या करून खिशात ठेवला, शर्टाचं वरचं बटण चाचपलं.

सगळे गेले. शेवाळे गेले नाहीत. मी कपाटापुढे स्टुलावर बसून प्रोग्रॅम उघडला. तापमानांचा बफर तसाच ठेवला. बटणांच्या ओळींसाठी मात्र एक सूचना वाढवली, ओळ झाली की साठलेलं लगेच डिस्कवर उतरव. एवढंच लिहायचं होतं. तीन वेळा टाइप करताना चुकलं.

शेवाळे मागे उभे होते. घड्याळ बघत होते.

"सातपत्तुर भेटाय सोडत्यात दवाखान्यात," ते म्हणाले. "इलाहीला सांगायचंय."

"झालंच. दाबा आता."

त्यांनी लाल बटण दाबलं आणि मान वळवली. काचेमागे दिवा लुकलुकला. त्यांनी परत दाबलं. परत लुकलुकला.

"आली," ते म्हणाले.

फाटकापर्यंत ते सायकल हातात धरून चालत गेले. रस्त्याला लागल्यावर टांग टाकली आणि दवाखान्याच्या दिशेनं निघाले, एकटेच, जोरात पायडल मारत.